तिनाचा आठ

मोजणीबाईंचं खरं नाव ओळखपत्रावर होतं आणि आईच्या तोंडी होतं. आई गेली तेव्हापासून ते ओळखपत्रापुरतंच उरलं. कचेरीतले साहेब, कोपऱ्यावरचा चहावाला, गावोगावच्या शाळांचे शिपाई, सगळे त्यांना मोजणीबाईच म्हणत. काय मोजता, असं कुणी विचारलं की त्या सांगत, "ओढ." विचारणारा गालातल्या गालात हसायचा. लग्न न केलेली बाई, आणि मोजते काय, तर ओढ. बाईंनाही तो विनोद ठाऊक होता. एकतीस वर्षं त्यांनी तो निमूटपणे ऐकून घेतला.

काम मात्र खरोखर तेच होतं. पृथ्वी सगळीकडे सारख्या जोरानं ओढत नाही. उंच डोंगरावर जरा कमी, सखल भागात जरा जास्त, आणि पायाखाली जड खडक असेल तर आणखी जरा जास्त. फरक इतका बारीक की माणसाच्या पायांना तो जन्मात कळायचा नाही. पण नकाशे करणाऱ्यांना, खनिज शोधणाऱ्यांना, अचूक तराजू तपासणाऱ्यांना तो लागतो. म्हणून देशभर दोनशे बारा जागा निवडल्या होत्या. कुठे शाळा, कुठे टपाल कचेरी, कुठे रेल्वे स्टेशनातली जाड भिंतींची खोली. प्रत्येक ठिकाणी फरशीत तळहाताएवढी पितळी चकती बसवलेली, आणि त्या चकतीवर ओढ किती याचा एक आकडा. बाकीच्यांनी आपापली मोजमापं त्या आकड्यांना बांधायची. खुंटी पक्की असेल तर दोरीला अर्थ. हे दोनशे बारा खुंट्यांचं जाळं बांधण्यात बाईंची उमेदीची वर्षं गेली, आणि त्यातली एक खुंटी खोटी आहे हे जगात फक्त त्यांना माहीत होतं.

चोवीस वर्षांच्या असताना त्यांना मास्तरांच्या हाताखाली दिलं. मास्तर पूर्वी कुठल्याशा शाळेत गणित शिकवायचे. नोकरी बदलली तरी नाव चिकटून राहिलं. वय छप्पन्न, केस पांढरे, आवाज हळू. त्यांच्याजवळ दुधाच्या किटलीएवढं एक यंत्र असायचं. आत केसासारखी बारीक स्प्रिंग आणि तिला लटकलेलं इवलंसं वजन. ओढ वाढली की वजन कणभर खाली उतरायचं. वरच्या भिंगातून पाहायचं, स्क्रू फिरवत रेघ खुणेवर आणायची, आणि खिडकीतले चिमुकले आकडे वाचून वहीत उतरवायचे. यंत्राला गारठा सोसत नसे, धक्का तर मुळीच नाही. गाडीत मास्तर ते दुलईत गुंडाळून मांडीवर घेऊन बसत. खड्डा आला की स्वतः उचलले जात आणि यंत्र अधांतरी धरत. भिंगातून पाहताना ते तोंडानं श्वास घेत. बंद खोलीत त्यांचा तो श्वास आणि बाहेरची चाहूल, एवढंच ऐकू यायचं.

वही पेन्सिलीची, कारण शाई भिजली की पसरते. आकडे इंग्रजीत लिहायचे, कारण यंत्रावर तसेच होते. आणि खोडरबर बाळगायचं नाही. "आकडा आवडला नाही म्हणून बदलायला तो काही सदरा नाही," असं मास्तर म्हणत.

नदीकाठच्या त्या गावी चकती शाळेत होती, जिन्याखालच्या सामानाच्या खोलीत. पायाचं ठिकाण, म्हणजे जिथून निघायचं आणि जिथे परतायचं, ते नव्वद किलोमीटरवरच्या शहरात. पहिल्या दिवशी शाळेतलं वाचन मास्तरांनी घेतलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी घेतलं. शहरात परतल्यावर दोन्ही आकडे शेजारी मांडले तर जिथे मास्तरांचा आठ होता तिथे बाईंचा तीन. एकूण ओढीच्या वीस लाख भागांतला एक भाग. पण या धंद्यात तेवढा फरक म्हणजे डोंगर.

मास्तरांनी वही डोळ्यांजवळ नेऊन दोन्ही आकडे पाहिले. मग म्हणाले, रेल्वे फाटकाशी गाडी आदळली होती, यंत्राला धक्का बसला असेल, बाईंचं वाचन सोडून देऊ. त्यांना दुसऱ्या दिवशी घरी जायचं होतं. घरी काम आहे, एवढंच ते सांगत. बाईंनी ऐकलं नाही. वय चोवीस, नियम तोंडपाठ, आणि स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास. दोन वाचनं जुळली नाहीत तर तिसरं घ्यायचं, हे तुम्हीच शिकवलंत, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. जरा जास्तच स्पष्ट. शेजारी ड्रायव्हरमामा उभे होते, त्यांनी मान खाली घातली.

मास्तर हसले. "जातो बाई, जातो. पण तू नको येऊस. तू आलीस की परत दोघांचे दोन आकडे."

सकाळी ते गेले. दुपारी परतताना घाटाच्या उतारावर दगड भरलेल्या ट्रकचे ब्रेक गेले आणि ट्रक त्यांच्या गाडीच्या डाव्या अंगावर आला. डाव्या बाजूला मास्तर होते. ड्रायव्हरमामांचा पाय मोडला. यंत्र दुलईतच फुटलं. वही पत्र्याच्या डब्यात होती, तिला ओरखडाही नव्हता. दवाखान्याच्या लांबलचक व्हरांड्यात स्ट्रेचरवर पडल्या पडल्या मामांनी तो डबा बाईंच्या हातात दिला.

बाईंनी डबा तिथेच उघडला. तिसरं वाचन लिहिलेलं होतं, मास्तरांच्या स्वच्छ, टपोऱ्या अक्षरात. तीन होता. चूक मास्तरांची होती आणि बाईंचं बरोबर होतं.

पलीकडे विभागाचे साहेब कुणाला तरी सांगत होते की म्हाताऱ्याचंच वाचन चुकलं असणार, नाहीतर तिसऱ्यांदा जायची वेळच कशाला आली असती. आवाजात दुःख होतं, पण शब्द तेच होते. बाईंच्या कानशिलात काहीतरी तापत गेलं. ज्या माणसाला आपण हट्टानं तिसऱ्यांदा पाठवलं, त्याला मेल्यावर तरी कुणी चुकीचा म्हणू नये. त्यांच्या पिशवीत पेन्सिल होती. इंग्रजी तिनाला डावीकडून दोन कमानी जोडल्या की आठ होतो. त्यांनी जोडल्या. मग स्वतःच्या वाचनावर आडवी रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, "धक्क्यामुळे बाद." दोन आठ जुळले. सगळं मिळून मिनिटभर लागलं असेल.

राईचा पर्वत करणं म्हणतात. बाईंनी पेन्सिलीच्या रेघेचा केला, आणि तो अक्षरशः. त्या गावाभोवतीची पुढची सगळी मोजमापं त्या आठाला बांधली गेली, म्हणून सगळी सारखीच फुगली. ओढ जास्त असेल तिथे नकाशावर लाल रंग देतात. नवा नकाशा आला तेव्हा नदीकाठी मोसंबीएवढा लाल डाग होता. जमिनीखाली काहीतरी प्रचंड जड आहे, असं तो डाग सांगत होता. भूगर्भवाल्यांनी त्याला "गाठ" असं नाव दिलं. एका तरुण भूगर्भतज्ज्ञानं या गाठीवर प्रबंध लिहिला, पदवी मिळवली, आणि पुढे सगळे त्याला गाठवाले डॉक्टरच म्हणू लागले. उमदा माणूस. कचेरीत आला की बाईंना हमखास भेटायचा, तुमच्या त्या वाचनांवरच माझं घर उभं आहे, असं म्हणायचा. एकदा त्याचं भाषण होतं. गाठीच्या कडा इतक्या सरळ का, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही, असं तो म्हणाला आणि लोक हसले. कडा सरळ होत्या, कारण जिथे त्या आठाला बांधलेली मोजमापं संपत होती, तिथेच गाठ संपत होती. बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

मग खोदाई झाली. सात ठिकाणी भोकं पाडली, खाली साधा खडक निघाला. डॉक्टर म्हणाले, आणखी खोल जायला हवं. पाचव्या भोकाच्या वेळी साखळीत हात सापडून एका बोअरवाल्याची दोन बोटं गेली. ती बातमी फाइलमध्ये एका ओळीची होती. बाईंनी ती ओळ वाचली, फाइल बंद केली, आणि त्या दिवसापासून त्यांना उजव्या हातात पेन धरताना बोटं मोजायची सवय लागली.

सांगायला हवं होतं. दर वर्षी हवं होतं. पहिल्या वर्षी मास्तरांचं दुःख ताजं होतं, दुसऱ्या वर्षी नकाशा छापला होता, पाचव्या वर्षी प्रबंध झाला होता, आणि पुढे तर सांगण्याची वेळ इतकी मागे राहिली की वळून पाहिलं तरी दिसेना. तोंडात मूग धरून बसलं की मूग मोड येऊन वाढतात म्हणतात, तसं झालं. नकाशा कचेरीच्या मुख्य व्हरांड्यात टांगलेला होता, म्हणून बाई मागच्या जिन्यानं ये-जा करायच्या. दोनदा जाळ्याची फेरतपासणी झाली, दोन्हीदा त्यांनी ती शाळा यादीतून वगळली. एकदा कारण दिलं, फरशीला ओल आहे. दुसऱ्यांदा, बांधकाम चालू आहे.

आणि तो श्वास. पहिल्यांदा तो त्यांना मास्तर गेल्यानंतर चौथ्या महिन्यात ऐकू आला, एका स्टेशनच्या पार्सल खोलीत, भर दुपारी. त्या भिंगातून पाहत होत्या, खोलीत कुणी नव्हतं, आणि डाव्या कानाशी कुणीतरी तोंडानं श्वास घेत होतं. सावकाश, एकाग्रपणे. बाई हलल्या नाहीत. वाचन घेतलं, लिहिलं, आणि मगच वळून पाहिलं. पुढे प्रत्येक चकतीपाशी तो येत राहिला. तो रागावलेला नसे. आपल्याबरोबर वाचतोय असं वाटे, आणि बाई आकडा लिहीत तेव्हा तो क्षणभर थांबे. त्या भीतीनं असेल किंवा आणखी कशानं, पण त्या एका शाळेनंतर बाईंनी उभ्या आयुष्यात एकही आकडा इकडचा तिकडे केला नाही. उतारवयात तर त्यांना भलतंच वाटू लागलं. आपण रेघ ओढली म्हणून त्या गावाखाली खरोखरच काहीतरी जड येऊन बसलं असेल तर?

बाई पंचावन्नच्या झाल्या त्या वर्षी नवं यंत्र आलं. त्याला पायाचं ठिकाण लागत नाही की तुलना लागत नाही. हवा काढून घेतलेल्या नळीत आरसा सोडतात, तो पडताना प्रकाशकिरणानं वेळ मोजतात, पुन्हा उचलतात, पुन्हा सोडतात. शेकडो वेळा. त्या जागेची ओढ थेट कळते. त्याच्याबरोबर एक नवी इंजिनिअर आली, तिशीची, बोलायला चटचटीत, हिशोबाला त्याहून. जाळं नव्यानं उभारायचं ठरलं आणि यादी तिनं केली. त्यात ती शाळा पहिल्या पाचांत होती.

बाईंनी ओलीचं कारण पुढे केलं. इंजिनिअर म्हणाली, "देशातली सगळ्यात मोठी गाठ तिथे, आणि तिथलंच वाचन एकतीस वर्षांत कुणी घेतलं नाही. तुम्हाला नवल नाही वाटत, मॅडम?"

बाई म्हणाल्या, वाटतं.

शाळेला सुट्टी होती. मुख्याध्यापिकेनं जिन्याखालची खोली स्वतः उघडून दिली. मोडकी बाकं, एक लंगडी शिडी, खडूच्या रिकाम्या खोक्यांची उतरंड. कोपऱ्यात सतरंजीखाली चकती होती, काळवंडलेली. बाईंनी गुडघ्यावर बसून ती अंगठ्यानं पुसली. मुख्याध्यापिकेला हौस होती, तिनं वरच्या वर्गातला एक तक्ता आणून दाखवला. मुलांनी काढलेलं चित्र: वर शाळा, नदी, घरं, आणि खाली जमिनीच्या पोटात काळाकभिन्न डोंगर. "आमच्या गावाखाली लोखंड आहे ना," ती म्हणाली, "मुलं फार अभिमानानं सांगतात." बाईंनी चित्र छान आहे म्हटलं. त्यांचा आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला.

यंत्र सुरू झालं. दर दहा सेकंदांनी नळीत आरसा पडायचा आणि टक असा हलका आवाज व्हायचा. बाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि डाव्या कानानं वाट पाहू लागल्या. श्वास आला नाही. टक, आणि शांतता. टक, आणि शांतता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या एखाद्या चकतीपाशी एकट्या होत्या, आणि त्यांना सुटल्यासारखं वाटलं नाही. घरात रोज खोकणारं माणूस अचानक खोकायचं थांबलं की जे वाटतं, ते वाटलं.

दुपारी पहिली सरासरी आली. इंजिनिअरनं भुवया चढवल्या. आकडा जुन्या नोंदीपेक्षा वीस लाखांतल्या एका भागानं कमी होता. तिनं यंत्राची पातळी पाहिली, घड्याळ पाहिलं, किरण नीट लावला आणि पुन्हा सुरू केलं. साडेचारला दुसरी सरासरी आली. तीच.

"यंत्र गंडलंय," ती म्हणाली. "प्रवासात धक्का बसला असणार. आपण असं करू, शहरात जाऊन तपासते आणि उद्या परत येते. तिसरी फेरी मारल्याशिवाय मी हे लिहिणार नाही. तुम्ही दमलाय, तुम्ही नका येऊ."

रस्ता तोच होता. घाट तोच, उतार तोच. 

"तिसरी फेरी नको," त्या म्हणाल्या. "यंत्र बरोबर आहे. वहीतला आठ खोटा आहे. तो तीन होता, मी त्याचा आठ केला."

इंजिनिअर वळली. बाईंनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, व्हरांडा, डबा, पेन्सिल. रडल्या नाहीत. यंत्र आपलं टक टक करत राहिलं, ते बंद करायचं कुणाला सुचलं नाही. ऐकून झाल्यावर मुलीनं एकच प्रश्न विचारला.

"आणखी किती?"

"एकच," बाई म्हणाल्या.

"हे मी कशावरून धरू?"

 आपल्याला शिव्या ऐकाव्या लागतील, कीव ऐकावी लागेल, हे सगळं त्यांनी वर्षानुवर्षं मनात घोळवलं होतं. हा प्रश्न त्यांच्या मनात कधी आला नव्हता. एका आठानं उरलेल्या दोनशे अकरा जागा खाल्ल्या होत्या.

त्या सगळ्या पुन्हा मोजाव्या लागल्या. तीन वर्षं गेली. सगळ्या खऱ्या निघाल्या, अगदी केसाला केस. तोवर चौकशी बसली होती. वही सीलबंद झाली. भिंगाखाली मूळ तिनाचा आकडा एका पेन्सिलीचा आणि डावीकडच्या कमानी दुसऱ्या पेन्सिलीच्या, हे तज्ज्ञानं लेखी दिलं. बाईंचं फिरणं बंद झालं. त्यांना एक टेबल दिलं आणि लाल डाग पुसण्याची आकडेमोड त्यांनाच करायला लावली. गाठवाले डॉक्टर एकदा येऊन समोर बसले. केस पिकले होते. टेबलावरचा कागद त्यांनी स्वतःकडे वळवून वाचला. शेवटी म्हणाले, "माझ्या भाषणाला तुम्ही पहिल्या रांगेत होतात." बाई हो म्हणाल्या. ते उठून गेले, आणलेला चहा तसाच राहिला. पुन्हा ते त्या मजल्यावर आले नाहीत.

एक भेट राहिली होती. मास्तरांच्या बायकोकडे बाई चौतीस वर्षांत गेल्या नव्हत्या. अंत्यविधीला लांब उभ्या राहिल्या होत्या, तेवढंच. निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात त्या गेल्या. काकू आता त्र्याऐंशीच्या, दोन खोल्यांच्या घरात एकट्या. दार उघडल्यावर त्यांनी बाईंना नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "आलीस होय. मला वाटलं, तुला आमचा राग आहे."

बाईंनी त्यांनाही सगळं सांगितलं. मास्तरांचं नाव राखायला केलं, हेही सांगितलं, आणि सांगताना त्यांना ते फार थिटं वाटलं.

काकू ऐकत होत्या. मग सावकाश बोलू लागल्या. त्या दिवशी दुपारी मास्तरांनी शाळेतून फोन केला होता. डोळ्यांत पडदा वाढत होता त्यांच्या, वर्षभर. कचेरीत कळलं तर फिरणं बंद करतील म्हणून ते लपवत होते. त्या दिवशी खरं तर डोळ्याच्या डॉक्टरकडेच यायचं होतं. "मला म्हणाले, पोरीनं पकडलं मला. माझ्यापेक्षा चांगली तयार झालीय. आज यंत्र वर्गाच्या खिडकीपाशी उजेडात धरून आकडा वाचला, तीन आहे, लिहून टाकला. आता साहेबांना सांगतो आणि घरी येतो. अगं, हसत होते. वर्षभरात त्यांचा एवढा मोकळा आवाज ऐकला नव्हता मी."

बाईंनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली.

"तू ये म्हणून मी किती निरोप पाठवले," काकू म्हणाल्या. "एवढंच सांगायचं होतं तुला."

निरोप पोचले होते. ड्रायव्हरमामांनी तीनदा येऊन सांगितलं होतं. तीनही वेळा बाई दौऱ्याचं निमित्त करून निघून गेल्या होत्या.

"म्हणजे त्यांनी शेवटचं लिहिलं ते तू पुसलंस."

"पुसलं नाही, काकू. खाली आहे तो तीन. भिंगातून दिसतो."

"मग मला दाखव. एक डोळा आहे अजून माझा."

बाईंनी अर्ज केला. उत्तर आलं, की चौकशी पूर्ण होईपर्यंत वही बाहेर काढता येणार नाही, आणि जिच्यावर ठपका आहे तिच्या अर्जावर तर नाहीच. त्यांनी काकूंच्या नावानं दुसरा अर्ज केला. त्याला उत्तर नाही. आता त्या दर गुरुवारी काकूंकडे जातात. सुरुवातीला काकू विचारायच्या. आता विचारत नाहीत. दार उघडतात, आधी बाईंच्या हातांकडे बघतात, आणि मग चहाचं आधण ठेवायला आत जातात.